ती कवटी टेबलावरून उचल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी सहा प्रकरणं पोचली. कुरिअरवाल्याने गठ्ठा शेजाऱ्यांकडे टाकला होता, म्हणून हातात पडायला दोन दिवस उशीर झाला. मी अजून कागदावरच वाचतो हे लक्षात ठेवून छापून पाठवलीस, बरं वाटलं. समासात बरंच खरडलं आहे, ते गठ्ठ्याबरोबर परत येईलच. या पत्रात फक्त तुझ्या त्या व्हिक्टोरियन शास्त्रज्ञाबद्दल लिहितो. कादंबरी त्याच्या खांद्यावर उभी आहे आणि तोच अजून नीट उभा राहिलेला नाही.

आधी दुसऱ्या प्रकरणातली ती कवटी टेबलावरून उचल. वादळी रात्र, मिणमिणता दिवा, बरणीत काहीतरी तरंगतंय, टेबलावर कवटी आणि आपले डॉक्टरसाहेब स्वतःशीच हसतायत. अगं, हा माणूस पहिल्या पानावरच पकडला जातो. मग वाचकाला करायला काय उरलं? तुझ्या डोळ्यांसमोर सिनेमातला वेडा शास्त्रज्ञ आहे. खऱ्या इतिहासातला माणूस त्याच्या उलट होता. सभ्य, विनोदी, पाहुणचारी, पैशाने निवांत आणि लहान मुलासारखा चौकस. मला तो जेवायला बोलावला असता तर मी गेलो असतो. अडचण तिथेच आहे आणि तुझी कादंबरीही तिथेच आहे.

तुझं पात्र काल्पनिक आहे हे मान्य, पण तू ज्याच्या सावलीत ते उभं केलं आहेस त्या फ्रान्सिस गॉल्टनची चार वळणं तरी तुला पाठ हवीत. जन्म १८२२, बर्मिंगहॅमजवळ. मृत्यू १९११. चार्ल्स डार्विनचा सावत्र नात्याने भाऊ, म्हणजे दोघांचे आजोबा एकच, आज्या वेगळ्या. वैद्यक शिकायला म्हणून बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात ठेवला, तेव्हा पोराने ठरवलं की औषधालयातलं प्रत्येक औषध थोडंथोडं स्वतः घेऊन बघायचं, तेही इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. ए झालं, बी झालं, सी जवळजवळ संपत आलं आणि आडवं आलं क्रोटन तेल. क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल गं! दोन थेंबांनी प्रयोग संपला. ही गोष्ट त्याने म्हातारपणी आत्मचरित्रात स्वतःच हसत सांगितली आहे. आता मला सांग, हा प्रसंग वाचून कोणाला त्याचा राग येईल? तुझ्या पहिल्या प्रकरणात अशी एक तरी गोष्ट हवी. वाचक चाळिसाव्या पानापर्यंत त्याच्या प्रेमात पडला पाहिजे. मग पुढे जे होतं ते त्याला लागेल.

मोजणं हे या माणसाचं व्यसन होतं. कंटाळवाण्या व्याख्यानात श्रोते मिनिटाला किती वेळा चुळबुळ करतात हे त्याने मोजलं. गोल केक कसा कापला म्हणजे उरलेला सुकत नाही यावर त्याने नामांकित विज्ञान नियतकालिकात टिपण छापलं. राजघराण्यातल्या माणसांच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश प्रार्थना करतो, मग ती इतरांपेक्षा जास्त जगतात का, याचा हिशेब मांडून त्याने १८७२ साली पाद्र्यांना डिवचलं. वर्तमानपत्रात हवामानाचा नकाशा छापण्याची सुरुवात त्याचीच, १८७५. आज आपण बोटांचे ठसे देऊन रेशन घेतो, त्या ठशांना शास्त्राचा पाया देणाऱ्यांतही तो आहे. आणि हेही ऐक. खिशात कागदाचा तुकडा आणि टाचणी बाळगायची, रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघायच्या आणि सुंदर, बरी, कुरूप असं गुपचूप टोचत जायचं. त्यावरून त्याला ब्रिटनचा सौंदर्याचा नकाशा करायचा होता. लंडन पहिलं आलं, स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन शेवटचं.

वाचताना तुला इथपर्यंत हसू येत होतं ना? टाचणीपाशी जरा कमी झालं असेल. तुझ्या कादंबरीचा उतार इतकाच हळू हवा. केक आणि बायका एकाच वहीत, एकाच हाताने. त्याच्या लेखी दोन्ही सारखीच जिज्ञासा.

आता प्रयोगशाळा. तुझी तळघरात आहे, ती भर बाजारात आण. १८८४ साली लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये आरोग्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे गॉल्टनने मापनाचा एक लांबट, अरुंद कप्पा टाकला. एका बाजूला जाळी, म्हणजे बाहेरच्या गर्दीला आतली गंमत दिसावी. तीन पेन्स द्या, एका दाराने आत या, डोळ्याची तीक्ष्णता, रंगांची पारख, कानाला ऐकू येणारा सर्वांत वरचा सूर, फुंकरीचा जोर, हाताची पकड, उभ्याची आणि बसल्याची उंची, वजन असं सगळं मोजून घ्या आणि आपलं कार्ड घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडा. कार्डाची एक प्रत गॉल्टनकडे. विचार कर, लोक पैसे देऊन स्वतःची माहिती देऊन जात होते, तेही रांग लावून! प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ जणांची मापं जमली.

यातलं एक यंत्र मला फार आवडतं. ठोशाचा वेग मोजायचं. सरळ ठोसा मारला की दांडा आत सरकायचा. पण बऱ्याच जणांना सरळ मारताच येईना. वाकडे ठोसे मारून त्यांनी दांडा मोडला. गॉल्टनने ओकच्या लाकडाचा बसवला, तोही मोडला, काहींची मनगटं मुरगळली. आणि त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. बापलेकांना शक्यतो एकत्र मोजू नये, कारण मुलाने मागे टाकलेलं बापाला सोसत नाही, तो पुन्हा पुन्हा करून बघायचा हट्ट धरतो आणि रांग अडते. आनुवंशिकता शोधायला निघालेल्या माणसाच्या दारातच बाप आणि लेक ईर्षेला पेटलेत आणि साहेबांना काळजी कसली, तर रांग तुंबल्याची. अख्खं प्रकरण आहे यात. पंतप्रधान राहिलेला ग्लॅडस्टनसुद्धा आला होता. माझं डोकं किती मोठं आहे बघा, टोपीवाले सांगतात हे खास ॲबर्डीनशायरचं डोकं आहे, असं म्हणत त्याने पिच्छा पुरवला. गॉल्टनच्या मते डोकं ठीक होतं, काही विशेष मोठं नव्हतं.

इथे मला माझी एक जुनी जखम उघडावी लागते. मी ड तुकडीतला मुलगा. आमच्या शाळेत पाचवीला एक परीक्षा घेऊन अ, ब, क, ड अशी वाटणी करत. गणिताचे चांगले मास्तर अ तुकडीला, आमच्याकडे जो मोकळा असेल तो. आमच्या वर्गाचा फळा मधोमध तडकलेला होता, त्यामुळे आम्ही भागाकार नेहमी डाव्या अर्ध्यात शिकलो. वर्षाच्या शेवटी अ तुकडीचे निकाल बघून सगळे म्हणत, बघा, वाटणी किती बरोबर होती! पुढे अनेक वर्षांनी, स्वतः संख्याशास्त्र शिकवू लागल्यावर, गॉल्टनचं १८६९ चं आनुवंशिक प्रतिभेवरचं पुस्तक वाचायला घेतलं. त्यात त्याने माणसांच्या बुद्धीचे वर्ग पाडले आहेत. सरासरीच्या वर मोठी अक्षरं, ए ते जी. सरासरीच्या खाली तीच अक्षरं, पण लहान लिपीतली. ते पान बघितल्यावर मला आमचा तडकलेला फळा आठवला. त्या रात्री मी पुढे वाचलं नाही.

तुझा शास्त्रज्ञ काय मोजतो यावर तू पानं खर्ची घातली आहेस. तो काय मोजत नाही तेही दाखव. गॉल्टनने न्यायाधीश, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ अशा नामवंतांची घराणी तपासली आणि दाखवलं की नामवंतांचे बाप, मुलगे, भाऊ नामवंत निघण्याचं प्रमाण बरंच जास्त. त्यावरून निष्कर्ष, की प्रतिभा रक्तातून उतरते. आपल्याकडचं शेंबडं पोरही विचारेल, की न्यायाधीशाच्या मुलाला वकिलीत अशिलं कोण आणून देतं? घरात पुस्तकं कोणाच्या? बायका या हिशेबात जवळजवळ नाहीतच, कारण नामवंत होण्याची दारंच त्यांना बंद. ही शंका त्याला सुचली नव्हती असं समजू नकोस. सुचली होती, म्हणून तर तो पोपच्या पुतण्याभाच्यांकडे वळला. पोपनी सांभाळलेल्या त्या पोरांना सगळी अनुकूलता मिळाली, तरी ती खऱ्या मुलांइतकी चमकली नाहीत, असा त्याचा दावा. युक्ती हुशारीची होती. पण हवं ते उत्तर हाती लागल्यावर पुढे खोदायचं थांबणं, ही सवय त्या पुस्तकात पानोपानी दिसते. त्याच पुस्तकात त्याने प्राचीन अथेन्सच्या लोकांना इंग्रजांच्या दोन पायऱ्या वर आणि आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना दोन पायऱ्या खाली बसवलं. काळ्यांना खाली बसवलं ते कशाच्या आधारावर? प्रवाशांच्या गप्पा आणि स्वतःचा अनुभव. नऊ हजार माणसांच्या पकडीचा जोर मोजणाऱ्या माणसाने इथे एकही माणूस मोजला नाही.

डार्विनने त्या पुस्तकाची पन्नासेक पानं वाचूनच त्याला कौतुकाचं पत्र धाडलं. पण त्यात हेही कबूल केलं की आपण तर आजवर असंच म्हणत आलो, की मूर्ख सोडले तर माणसांमाणसांत बुद्धीचा फरक फारसा नसतो, फरक असतो तो उत्साहाचा आणि कष्टांचा. पत्राचा सूर आणि त्यातला मजकूर कसे एकमेकांना छेद देतात बघ. संवाद असे लिहायचे असतात. तुझ्या चौथ्या प्रकरणातले दोन मित्र मात्र एकमेकांवर भाषणं फेकतात.

आणि एक. हा माणूस स्वतः केंब्रिजला गणितात नाव काढायला गेला होता. अभ्यासाच्या ताणाने प्रकृती ढासळली आणि शेवटी साधी पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे बापामागे वारसा मिळाला आणि पोटापाण्याचा प्रश्न कायमचा मिटला. याचा उपयोग कर, पण जपून. ‘अपमान झाला म्हणून सूड उगवला’ असलं स्वस्त कारण देऊ नकोस. त्याला मूलबाळ झालं नाही, यावरूनही टोमणा मारू नकोस. तुझ्या सहाव्या प्रकरणातला तो नोकराच्या तोंडचा शेरा मी खोडला आहे. निपुत्रिकाला हिणवायला आपल्याकडे आधीच पुष्कळ लोक आहेत.

आता आफ्रिका. तू ती एका परिच्छेदात उरकलीस. १८५० ते १८५२ गॉल्टन आजच्या नामिबियात हिंडला, त्याबद्दल भूगोलवाल्यांनी त्याला सुवर्णपदक दिलं. तिथे एका दुभाष्याची बायको त्याला दिसली, नामा जमातीतली. तिच्या देहाची ठेवण त्याला मोजायची होती. भाषा येत नाही, हात लावणं असभ्य, आणि ज्याच्या घरी उतरला तो मिशनरी. मग साहेबांनी लांबून सेक्स्टंट लावला. जहाजावर ताऱ्यांचे कोन मोजायचं यंत्र ते. ती झाडाखाली उभी राहून या ना त्या बाजूला वळत होती, हा कोन टिपत होता. नंतर मधलं अंतर टेपने मोजलं आणि त्रिकोणमिती लावून आकडे काढले. पुस्तकात त्याने हे गंमत म्हणून सांगितलं.

हा प्रसंग तू त्या बाईच्या बाजूने लिही. तिला काय दिसलं असेल? लांब उभा एक गोरा माणूस, डोळ्याला पितळेचं काहीतरी, आणि तो आपल्याकडे बघून वहीत लिहितोय. सहा प्रकरणांत तुझ्या डॉक्टरने अनेकांना मोजलं, पण ज्यांना मोजलं त्यांच्यापैकी एकानेही त्याच्याकडे वळून बघितलं नाही. एकदा बघू दे.

शब्दाबद्दल थोडं. निवडक माणसांची लग्नं जुळवून पुढची पिढी सुधारायची, या आपल्या कल्पनेसाठी ‘युजेनिक्स’ हा शब्द त्याने १८८३ मध्ये घडवला, ग्रीक मुळावरून, अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. तू सगळीकडे ‘सुप्रजननशास्त्र’ लिहिलंस. चूक नाही, कोशात तोच आहे. पण कानाला तो आशीर्वादासारखा लागतो, डोहाळजेवणात शोभेल असा. मूळ ग्रीक शब्दाला आपल्या भाषेत सरळ जवळचा शब्द आहे: कुलीन. ‘कुलीनशास्त्र’ म्हणून बघ एकदा. मराठी वाचकाला पुढचं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. खाण तशी माती म्हणणारी माणसं आपण.

माझ्या विषयाकडे येतो. लांबण लागलीच तर सोसून घे.

मी वर्गात एक फळी वापरायचो. सुताराकडून करून घेतली होती, कोन तिरका, वर नरसाळं, मध्ये एकाआड एक खिळ्यांच्या रांगा, खाली उभे कप्पे. नरसाळ्यातून सायकलचे छर्रे सोडायचे. प्रत्येक छर्रा खिळ्याला आपटून डावीकडे जाईल की उजवीकडे, काही सांगता येत नाही. पण ते टकटक खाली पोचले की मधल्या कप्प्यात ढीग, कडेच्या कप्प्यांत दोनचार. घंटेसारखा आकार. दर वर्षी, दर वेळी. पोरं टाळ्या वाजवायची. ही कल्पना गॉल्टनचीच, १८७३-७४ च्या सुमाराची, त्याच्या फळीत शिशाचे छर्रे होते.

पुढे त्याने घराण्यांच्या नोंदी मागवल्या, चांगल्या नोंदींना एकूण ५०० पौंडांची बक्षिसं लावली. त्यातून २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंच्या हाती आल्या. बायकांच्या उंचीला १.०८ ने गुणून त्याने त्या पुरुषांच्या मापात आणल्या. आणि दिसलं काय? उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाही. बुटक्यांची मुलं बुटकी, पण तितकी नाही. सरासरीपासूनचं अंतर पुढच्या पिढीत दोन तृतीयांशावर येतं. १८८५ मध्ये त्याने हे विद्वानांपुढे मांडलं. कुठे, तर ॲबर्डीनला! नाव दिलं, मध्यमपणाकडे माघार. आपल्या पाठ्यपुस्तकात याला ‘समाश्रयण’ म्हणतात. त्या शब्दात मूळचा सुस्कारा ऐकूच येत नाही.

सुस्कारा कशाचा, ते समजून घे. ज्याला उंचच उंच माणसांची पिढी घडवायची आहे, त्याला आपलेच आकडे मागे सरकताना दिसतायत. आणि गंमत म्हणजे उलटं केलं तरी तेच. उंच मुलं घ्या, त्यांचे आईबाप सरासरीने त्यांच्याहून कमी उंच निघतात. हेही गॉल्टनने पाहिलं होतं. आता रक्त काही मुलांकडून आईबापांकडे उलटं वाहत नाही. म्हणजे ही माघार सगळी रक्ताची नसावी, आकड्यांच्या विखुरण्याचा तो स्वभाव असावा. वर्गात मी पहिल्या चाचणीतले वरचे दहा काढायचो आणि दुसऱ्या चाचणीत बघायचो. बहुतेक वेळा त्यांची सरासरी घसरलेली आणि तळाच्या दहांची चढलेली. यात आनुवंशिकता कुठे आली?

प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढ्याने त्याची सगळी योजना खोटी ठरत नाही. गाईगुरांची पैदास करणारे निवड करून पुढे जातातच. पण उंचीवरून अक्कल, अकलेवरून चारित्र्य, चारित्र्यावरून कोणी लग्न करावं आणि कोणी करू नये, या ज्या उड्या त्याने मारल्या, त्यांतल्या एकीलाही ते ९२८ आकडे पुरत नव्हते. हे ज्याला कळायला हवं होतं असा त्या काळी जगात एक माणूस होता, आणि तो हाच. तुझ्या कादंबरीचा मध्य मला इथे दिसतो. रात्र, वही, आकडे मागे सरकलेले. तो बराच वेळ बघतो. मग पान उलटतो. वादळबिदळ काही नको.

दुसरा एक प्रसंग हवा असेल तर १९०७ घे. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात सहा पेन्सचं तिकीट काढून, बैल कापून साफ केल्यावर किती भरेल ते ओळखायची पैज होती. वाचता येतील अशी ७८७ तिकिटं गॉल्टनने मिळवली. खाटीक, शेतकरी आणि काहीच न कळणारे असे सगळे त्यात होते. मधोमधचा अंदाज १२०७ पौंड निघाला. बैल भरला ११९८. पंचाऐंशी वर्षांचा म्हातारा खूश झाला, सामान्य माणसांच्या सामूहिक अकलेबद्दल चार चांगले शब्द लिहून त्याने ते छापलं. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये सुप्रजननाच्या प्रसाराची संस्था उभी राहिली, पुढे तो तिचा मानद अध्यक्ष झाला.

ही संस्था तू गुप्त मंडळासारखी रंगवली आहेस. काळे झगे काढ. ती चहापानाच्या बैठकांतून, व्याख्यानांतून, पत्रकांतून वाढली. तिच्या स्थापनेत पुढाकार होता सिबिल गॉटो नावाच्या एका विशीतल्या विधवेचा. या विचारांकडे ओढले गेलेले बरेचसे लोक स्वतःला पुरोगामी समजणारे होते. समाजवादी विचारांचे वेब पतीपत्नी, नाटककार बर्नार्ड शॉ. नंतरच्या काळात अर्थतज्ज्ञ केन्सही संस्थेचा पदाधिकारी होता. १९०४ मध्ये गॉल्टनने लंडनच्या समाजशास्त्र मंडळापुढे आपली योजना मांडली, तेव्हा कादंबरीकार एच. जी. वेल्सने आक्षेप घेतला. पण कसला? चांगल्यांची निवड करण्यापेक्षा अपयशी ठरलेल्यांची नसबंदी करण्यात सुधारणेची खरी शक्यता आहे, असा! म्हणजे म्हातारा त्या खोलीत मवाळ ठरला.

आणि विरोधकही त्याच काळातले आण, नाहीतर वाचक म्हणेल, ‘काळच तसा होता.’ काळ तसा नव्हता. नैसर्गिक निवडीचा नियम डार्विनबरोबर शोधणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस नव्वदीला टेकला असताना या सगळ्याला शास्त्रज्ञांच्या पुरोहितशाहीची लुडबुड म्हणाला. १९१३ मध्ये पार्लमेंटात मतिमंदांना डांबून ठेवण्याचा कायदा आला, तेव्हा त्याच्याशी हट्टाने झुंजला जोसाया वेजवुड नावाचा खासदार. डार्विनची आई आणि बायको ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातला. आता हे रक्तातून उतरलं की कसं, हे गॉल्टनलाच विचारायला हवं.

शेवटच्या प्रकरणाच्या आराखड्यात तू एकदम हिटलरच्या छळछावण्यांत उडी घेतेस. ती उडी वाचकाला फार सोयीची आहे. हिटलर म्हटलं की आपण सगळे सुटलो. त्याआधी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात थांब. कॅरी बक नावाची मुलगी, दत्तकासारखी एका घरी राहिलेली. त्या घरच्या नातेवाईकाने केलेल्या बलात्कारातून दिवस गेले आणि ‘मंदबुद्धी’ म्हणून तिलाच संस्थेत टाकलं. तिची आईही तिथेच होती. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. तिच्याकडे बघून एका समाजसेविकेने साक्ष दिली, की मुलीत काहीतरी वेगळं वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदी वैध ठरवली. व्हिव्हियन आठ वर्षांची होऊन वारली. त्याआधी शाळेत तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं होतं.

अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांवर माणसं गेली. जर्मनीचा कायदा १९३३ चा, तिथला आकडा चार लाखांच्या घरात. हे आकडे तू द्यायला हरकत नाही, पण मला विचारशील तर अख्ख्या प्रकरणाला ती समाजसेविका पुरेल. नेमकं काय ते सांगता येत नाही. मोजमापाच्या शास्त्राची अखेर अशा साक्षीत झाली.

तू विचारलंस, की मराठी वाचकासाठी एखादं भारतीय पात्र घालू का? ओढूनताणून नको. लंडनच्या दिवाणखान्यात उगाच एखादा पुणेरी पगडीवाला उभा करू नकोस. पण खरा धागा हवा असेल तर तो बर्लिनमध्ये आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे डॉक्टरेटसाठी गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, संस्था मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची. हा फिशर १९०८ मध्ये नामिबियात मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेऊन आलेला, म्हणजे गॉल्टनच्याच वाटेने गेलेला. बाईंचा विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल. तो वंशाप्रमाणे बदलतो असं निघायला गुरुजींना हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की असमतोल आहे, पण त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. विशीतली परदेशी विद्यार्थिनी, पदवी त्याच गुरूच्या हातात. कवटी टेबलावर ठेवायचीच असेल तर ही ठेव.

नंतर त्याच बाईंनी महाराष्ट्रात परतून वर्षानुवर्षं माणसांची मापं घेतली, हेही विसरू नकोस. मोजणं हाच गुन्हा, असा तुझ्या पाचव्या प्रकरणाचा सूर आहे, तो मला पटत नाही. पोट माझंही मोजण्यावरच चाललं.

दुसरा धागा बाबासाहेबांचा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी जातीचं सुप्रजननाच्या नावाने होणारं समर्थन धरून सोलून काढलं आहे. आजच्या शास्त्रज्ञांनाही नाही ते आनुवंशिकतेचं ज्ञान तुम्ही पूर्वजांना बहाल करताय, आणि फळावरून झाड ओळखायचं तर या झाडाला आलेली माणसं बघा, असा त्यांचा रोखठोक सवाल. तुझ्या कादंबरीत याला जागा नाही, पण लिहायला बसण्याआधी तेवढी पानं वाच. वाक्याला धार कशी लावतात ते दिसेल.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. गॉल्टननेही कादंबरी लिहिली होती! १९१० मध्ये, मरणाच्या काही महिने आधी. कुठे ते सांगता येत नाही अशा अर्थाच्या नावाचं एक काल्पनिक राज्य, तिथे सुप्रजननाचं महाविद्यालय, तरुण-तरुणींच्या परीक्षा. उत्तम गुणांनी पास होणाऱ्यांनी लग्नं करावीत, नापासांना वेगळं ठेवावं. प्रकाशकाने ती नाकारली. म्हाताऱ्याने भाचीला सांगितलं, जाळून टाक. तिला अख्खी जाळवेना. तिने नको वाटलेली पानं, मुख्यतः प्रेमप्रसंगांची, नष्ट केली आणि बाकीची ठेवली. आज तुकडे उरलेत ते नियमांचे, गुणपत्रिकांचे, परीक्षांचे.

ते तुकडे मी वाचले आहेत. नायक परीक्षेला बसतो आणि चांगल्या गुणांनी पास होतो. ती भाची शेगडीपाशी बसून कुठलं पान आत टाकायचं, कुठलं ठेवायचं हे ठरवतेय, एवढंच माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझ्या शास्त्रज्ञाला भाची आहे का?

पुढच्या बुधवारी ये. माळ्यावरून फळी काढून ठेवतो, दुसरं प्रकरण लिहिण्याआधी तू स्वतः छर्रे सोडून बघ. पन्नासएक तरी हरवलेत, तेव्हा येताना कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून मूठभर घेऊन ये. लहान मापाचे सांग, मोठे खिळ्यांत अडकतात.

तुझा,
सर